निळ्या कव्हरचा फोन

संत्र्याच्या रिकाम्या खोक्यात वीसबावीस फोन पडले होते आणि त्यातला एक माझा होता. आता माझा कसला म्हणा, पाच वर्षांपूर्वी मीच तो देऊन टाकला होता, आपल्या हातानं, चार लोकांसमोर, फोटो काढून. पण आपली वस्तू ओळखायला वेळ लागत नाही. निळं कव्हर, मागे माझ्या मुलानं, अभिजीतनं, कॉलेजात असताना चिकटवलेलं सूर्यफूल, त्याच्या दोन पाकळ्या मी नखानं खरवडून काढलेल्या, कारण मीटिंगमध्ये बाकीच्या मॅडम हसायच्या. सौसरच्या त्या केंद्रावर मी पांढुर्ण्याहून ड्युटीवर आले होते. ओपन बोर्डाची दहावी, गणिताचा पेपर, डिसेंबरची सकाळ. शाळा सुटलेली, नापास झालेली, मध्येच लग्नं झालेली पोरं-पोरी या परीक्षेला बसतात. दारात भिवाजी चपराशी प्रत्येकाचा फोन घेत होता, चिठ्ठीवर रोल नंबर लिहून रबरानं बांधत होता आणि खोक्यात टाकत होता. मी उगाच वाकून पाहिलं आणि खोक्याची कड धरून तशीच वाकलेली राहिले. भिवाजी म्हणाला, “काय झालं जी मॅडम, चक्कर आली का?” मी म्हटलं, “नाही रे बाबा, ऊन लागलं.” डिसेंबरात ऊन! तोही बिचारा हो म्हणाला आणि पुढच्याचा फोन घेऊ लागला.

आत गेले तर ती तिसऱ्या रांगेत खिडकीपाशी बसली होती. सुचिता. तिगावची, गुणवंताची पोरगी, माझ्या नववीच्या वर्गातली. तेव्हा दोन वेण्या होत्या, आता अंबाडा, हातात हिरव्या बांगड्या, अंगानं जरा भरलेली. मला पाहून ती उठली, “नमस्ते मॅडम,” म्हणाली आणि हसली. अगदी सरळ हसली हो, त्यात काही नव्हतं, तेच मला सोसवेना. मी कुठे बघू? पेपर वाटले, मग प्रत्येकाजवळ जाऊन प्रवेशपत्रावरचा फोटो चेहऱ्याशी ताडून सही करायची असते. तिच्याजवळ आले तेव्हा माझी सही रेघ सोडून खाली उतरली. पतीचं नाव विनोद, पत्ता लोधीखेड्याचा. वय एकोणीस पूर्ण. मी मनातल्या मनात एकोणीसमधून पाच वजा केले, वर्षभरात बत्तीस वर्षं गणित शिकवून होतील, पण ही वजाबाकी मी आतापर्यंत टाळत आले होते. फोन हातात पडला तेव्हा चौदा. लग्न झालं तेव्हा पंधरा. मी पुढच्या बाकाकडे सरकले.

तीन तास. खुर्चीवर बसून राहायचं, कुणी मान वळवली तर बघायचं, आणि स्वतःच्या डोक्यात काय चाललंय त्याच्यावर कुणी पर्यवेक्षक नसतो. दोन हजार वीसचा तो पावसाळा. शाळा बंद, वरून फर्मान आलेलं की मुलांना मोबाईलवर शिकवा. माझ्या वर्गात अडतीस पोरं आणि त्यातल्या सतरांच्या घरी साधा बटणाचा फोनसुद्धा नाही. मला पुढेपुढे करायची खोड आहेच, ती मी नाकारत नाही. मी पांढुर्ण्यात दारोदार फिरले, संत्र्याचे व्यापारी, कपड्याचे दुकानदार, आमच्या यांच्या बँकेतले लोक, सगळ्यांना म्हटलं, जुना फोन कपाटात पडलाय ना, द्या इकडे. अकरा फोन जमले. बारावा माझा. खरं सांगायचं तर अभिजीतनं पुण्याहून मला नवा पाठवला होता म्हणून तो बारावा निघाला, पण भाषणात मी म्हटलं, “मी स्वतःच्या वापरातला फोन दिला.” टाळ्या पडल्या. पेपरात फोटो आला, मास्क लावलेली मी आणि मास्क लावलेली सुचिता, दोघींच्या मध्ये तो निळा फोन. तिगावला रुळापलीकडे त्यांचं घर. गुणवंता बागांमध्ये संत्रा तोडायला जायचा, तिची आई सुशीला कापूस वेचायची. गुणवंतानं तो फोन दोन्ही हातांनी घेतला आणि कपाळाला लावला. मला संकोच वाटला आणि बरंही वाटलं, तेव्हा बरंच जास्त वाटलं.

आता चूक सांगते. फोन देताना त्यातलं आपलं खातं काढायचं असतं, ते मी काढलं नाही. कसं काढतात तेच ठाऊक नव्हतं, ही कामं अभिजीतची. त्यानं पुण्याहून विचारलंसुद्धा, “आई, खातं काढलंस ना त्यातून?” मी म्हटलं, “काढलं की.” एवढ्याशा गोष्टीसाठी पोराकडून अडाणी ठरायचं नव्हतं मला. झालं असं की जुन्या फोनवर काढलेला प्रत्येक फोटो आपोआप माझ्या नव्या फोनवर येऊ लागला. पहिला आला तो त्याच संध्याकाळी. मी खिचडीला फोडणी घालत होते, फोन उघडला तर एका मुलीचा अर्धा चेहरा. कपाळ, एक डोळा आणि हसू. तिनं स्वतःचाच काढायचा प्रयत्न केलेला, हात हललेला. मला गंमत वाटली. मग बाजेवर बसलेली कोंबडी आली. मग चूल, मग सुशीलाचे भेगाळलेले पाय, बहुतेक चुकून निघालेले. मी ठरवलं, उद्या सांगू हिला. उद्या काही उगवला नाही. रोज सकाळी चहा घेताना मी आधी ते फोटो बघायची, लोक टीव्हीवरची मालिका बघतात तशी. यांनी एकदा विचारलं, “काय पाहून राहिली एवढं?” मी म्हटलं, “पोरांचा गृहपाठ.” अंबाडीची भाजी झाली की मला कळायचं, गुणवंता दुपारी घरी झोपलेला असला की काम मिळालं नाही हे कळायचं. त्या घराच्या भिंतीला पोपटी रंग दिलेला होता, एका ठिकाणी तो संपलेला. मी त्या घरात फक्त एकदा गेले होते, पण मी त्यात राहत होते म्हणा ना. आज वाटतं, कुणी माझ्या स्वयंपाकघरात असं डोकावून बसलं असतं तर मी त्याला झाडू घेऊन हाकललं असतं.

आणि हे माहीत असणं पोटात ठेवता येत नाही माणसाला. ऑक्टोबरात एक दिवस ती क्लासला नव्हती. दुसऱ्या दिवशी फोनवर सगळ्यांसमोर मी म्हटलं, “सुचिता, काल कापूस वेचायला गेली होतीस ना? पिवळी ओढणी बांधून? फोन काय शोभेला दिलाय का तुला?” मग बारीक आवाजात, “हो मॅडम.” इतर पोरं हसली. मला वाटलं, बरं झालं, धाक बसला. आदल्या दिवशी आलेल्या फोटोत तिनं कापसाच्या ढिगावर फोन टेकवून मायलेकींचा फोटो काढला होता, दोघी हसत होत्या, ओढणी पिवळी होती. मी त्या हसण्यावरून तिला रागावले. हे मला पाच वर्षांनी सौसरच्या खुर्चीवर बसून कळून राहिलं होतं.

“मॅडम, पुरवणी.”

तिनं हात वर केला होता. मी उठून गेले, पुरवणी दिली, तिनं ती दोऱ्यानं बांधायला घेतली. पान भरून आकडेमोड होती, नीट, रांगेत, बरोबरची चिन्हं एकाखाली एक. हे मीच शिकवलेलं, बरोबरची चिन्हं एकाखाली एक घाला म्हणजे चूक लगेच दिसते. मी “बांध नीट” एवढंच म्हटलं आणि परत फिरले. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले होते, अजून एक तास.

त्या कापसाच्या दिवसानंतर तिचे फोटो बदलले होते. तेव्हा मी त्याचा अर्थ लावला नाही. कोंबड्या, चुली कमी झाल्या. आता वहीची पानं यायची, मी दिलेली नव्हती तीसुद्धा उदाहरणं सोडवून. बागेतल्या संत्र्याच्या बहाराचा एक फोटो, पाठीमागे ऊन. मला वाटलं, पोट्टीला फोटोची गोडी लागली. जानेवारी लागला आणि फोटोत पाहुणे आले. टोपीवाले दोन म्हातारे पोपटी भिंतीपाशी, हातात पोह्यांच्या बश्या. मग बाजेवर पसरलेली लाल साडी. मग एका दुकानातली जोडवी. इतक्या वर्षांची नोकरी आहे माझी, मला काय कळलं नसेल? आणि जानेवारीच्या चोवीस तारखेला, रविवारी सकाळी, वहीचं एक पान. त्यावर गणित नव्हतं. आमची गावं सीमेपलीकडची, शाळेत आम्ही हिंदीतून शिकवतो, पण ते तिनं घरच्या मराठीत लिहिलं होतं, मोठ्या अक्षरांत, पेन दोनदोनदा फिरवून: ‘मॅडम घरी या. सत्तावीसला साक्षगंध आहे. बाबा तुमचं ऐकतात.’

मी ते पान किती वेळ बघत होते सांगता येत नाही. चहावर साय धरली. तिगाव काही लांब नाही आमच्यापासून, स्कूटीनं वीस मिनिटं. नुसतं जाऊन बसले असते, “काय हो गुणवंता, हे काय ऐकून राहिले मी?” असं म्हटलं असतं तरी तो माणूस चरकला असता. फोन कपाळाला लावणारा माणूस तो. पण मग त्यानं विचारलं असतं, “तुम्हाले कोणं सांगितलं जी?” आणि मी काय सांगणार होते? सहा महिने तुमची चूल बघते, तुमच्या बायकोचे पाय बघते, असं? एवढंच असतं तरी मी काही थाप मारली असती, थापा मला येतात. खरं कारण दुसरं होतं आणि ते मी आजवर यांनाही सांगितलेलं नाही. सव्वीस तारखेला सौसरला माझा सत्कार होता, मोबाईल वाटपाबद्दल. पत्रिकेवर सुचिताचाच फोटो छापला होता, मास्क लावलेली ती आणि निळा फोन. त्याच पोरीचा पंधराव्या वर्षी साखरपुडा ठरलाय हे दोन दिवस आधी बाहेर आलं असतं तर माझी शाल कुठे गेली असती? मी स्वतःला म्हटलं, सत्ताविसाला सकाळी जाऊ. तेवढ्यात हे अंगणातून आत आले आणि मी तो फोटो पुसून टाकला. पुसलेले फोटो जिथे जमा होतात तिथूनही काढला. मग सायीचा चहा गाळून प्यायले.

सव्वीसला मला शाल, श्रीफळ आणि प्रशस्तिपत्र मिळालं. सत्ताविसाला मला सर्दी झाली होती. खरंच झाली होती, पण सर्दीच होती. त्यानंतर तिकडून एकही फोटो आला नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी लपवत नाही. मार्चात स्टाफरूममध्ये जयश्री मॅडम म्हणाल्या, “तुमच्या त्या फोनवाल्या पोरीचं लग्न झालं म्हणते, लोधीखेड्याला.” मी तोंडावर हात ठेवून “काय सांगता!” म्हटलं. त्या पुढे म्हणाल्या, “बापाचे कान लोकायनं भरले. पोरगी दिवसभर मोबाईल घेऊन बसते, कोणाशी बोलते कोण जाणे, शाळा तं बंदच हाय, उजवून टाक.” म्हणजे तो फोन. म्हणजे माझा फोन. मी त्या दिवशी डबा उघडला नाही, पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.

घंटा झाली. मी उत्तरपत्रिका गोळा केल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या, दोरी बांधली, जितका वेळ काढता येईल तितका काढला. वाटलं होतं ती निघून जाईल. बाहेर आले तर व्हरांड्यात खोकं रिकामं झालेलं आणि सुचिता फोन हातात धरून कडुनिंबाखाली उभी. माझीच वाट बघत होती. तिला माफ कर म्हणायचं मी ठरवलं होतं, तोंडातून आलं ते, “पेपर कसा गेला?”

“बरा गेला जी. घनफळाचं आलं होतं, तुम्हीच शिकवलं होतं ते.” मग तिनं फोन पुढे केला. “हा ओळखला का मॅडम?”

“ओळखला.”

“यातून तुमचं खातं काढून द्या ना. पासवर्ड तुमचाच हाय. इतकी वर्षं हा बाबाजवळच पडून होता, परीक्षेचा फॉर्म भरला तवा मी मागून आणला. कॅमेरा तं बिघडला, पण आता घरात सगळेच घेतात, विनोद बी घेतात. त्यात तुमच्या घरचे फोटो येऊन राहिले. तुमची नात, लय गोड हाय. सायबाचं ऑपरेशन झालं तं टाक्यांचे फोटो. दुसऱ्याचं घर असं पाहणं बरं नाई वाटत जी.”

मला आधी तिचं बोलणं समजलंच नाही. टाक्यांचे फोटो मी अभिजीतला दाखवायला काढले होते. इतकी वर्षं माझ्या डोक्यात एकच होतं की तिच्याकडचं माझ्याकडे येतं. माझ्याकडचंही तिच्याकडे जात असेल, खातं एकच तर होतं, हे गणिताच्या बाईच्या एकदाही लक्षात आलं नाही. मी विचारलं, “तुला कधी कळलं हे?”

“तवाच. तुम्ही पिवळ्या ओढणीचं बोलल्या ना, तवा. म्हटलं मॅडमले कसं माहीत? मंग शोधलं तं तुमच्या घरचे फोटो सापडले, पुरणाच्या पोळ्या, मागचं अंगण.” ती जराशी लाजली. “मंग मी तुमच्यासाठीच काढू लागली. वहीचे, बहाराचे. बोलायची हिंमत नाई होये. म्हटलं, मॅडम पाहून राहिल्या, तेवढं बस.”

“सुचिता, ते वहीचं पान...”

“ते गेलं ना,” ती म्हणाली. “त्याच दिवशी गेलं. मी तं पुसलं नव्हतं. म्हणजे तुम्ही पाहिलं. मले एवढा आनंद झाला मॅडम, काय सांगू! पाहिलं म्हणजे आता येऊन राहिल्या. मी आईले म्हटलं, मॅडम येतात, चहाले दूध ठेव. आमच्यात तवा काळाच चहा राहे. तिनं शेजारून मागून आणलं. मी युनिफॉर्म घालून दारात बसली. दुसऱ्या दिवशी बी बसली, आईनं दूध पुन्हा तापवून ठेवलं.” ती बोलता बोलता फोनच्या कव्हरवरचं सूर्यफूल अंगठ्यानं चोळत होती. “सव्वीसले बी बसली. मंग संध्याकाळी तुमचे फोटो आले. शालीचे, नारळाचे. मी आईले म्हटलं, दूध वापरून घे.”

मला रडू येईल असं वाटलं, पण रडले असते तर ती मला धीर देत बसली असती, आणि तेवढी निर्लज्ज मी आज व्हायचं नाही असं ठरवलं. मी म्हटलं, “मी यायला पाहिजे होतं. मला कळलं होतं आणि मी आले नाही. सत्कार होता म्हणून.” तिनं मान हलवली. हो म्हणाली की जाऊ द्या म्हणाली, कळलं नाही. मी तिचा फोन घ्यायला हात पुढे केला, पासवर्ड टाकायला. तिनं दिला नाही.

“खातं मागून काढा. आधी तिकडचे माझे फोटो पुसून टाका.”

“सगळे?”

“सगळे. आईचे बी.”

मी पर्समधून माझा फोन काढला. ते फोटो शोधावे लागले नाहीत, कुठे आहेत ते माझ्या बोटांना पाठ होतं. कडुनिंबाखाली आम्ही दोघी उभ्या, तिच्या हातात तिचा फोन, माझ्या हातात माझा. मी शेवटापासून सुरुवात केली. जोडवी. लाल साडी. टोपीवाले म्हातारे. मी पुसायची आणि ती आपल्या फोनमध्ये बघून सांगायची, “गेला.” जरा थांबून, “गेला.” बहार गेला, वहीची पानं गेली, कापसाचा ढीग आणि पिवळी ओढणी गेली. भिवाजी खोकं उचलून न्यायला आला, आमच्याकडे बघून परत गेला. सुशीलाचे पाय गेले, चूल गेली, कोंबडी गेली.

मग पहिला उरला. कपाळ, एक डोळा आणि हसू. फोन मिळाला त्या संध्याकाळचं. माझा अंगठा काही खाली येईना.

“पुसा ना जी,” सुचिता म्हणाली.

मी पुसला. ती आपल्या फोनकडे बघत राहिली. नेट अडकलं होतं बहुतेक, त्यामुळे जरा वेळ लागला. मी तिच्या तोंडाकडे बघत उभी होते.

“गेला,” ती म्हणाली.